चाळीस पावलं, न थांबता

कॉलफिल्डमध्ये हेशल कागानकडून गाडी शिकला नाही असा माणूस शोधायला निघालात, तर तुमची संध्याकाळ होईल आणि हाती फार तर दोन म्हाताऱ्या लागतील, त्याही त्याच्या शिकवणीतून पळून गेलेल्या. एकतीस वर्षं तो मेलबर्नच्या या भागात पिवळी पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी घेऊन फिरला. दंतवैद्य, पाववाले, नुकत्याच विधवा झालेल्या बायका, सगळे त्याच्या हाताखालून गेले. खुद्द ज्यू धर्मगुरू रब्बाय पिंकुस तिसऱ्या खेपेला पास झाले, तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी एका फाटकाचा खांब आडवा करून. ही गोष्ट आपण कधी कोणाला सांगितली नाही, असं हेशल स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

हेशल कोहेन आहे, म्हणजे ज्यूंच्या जुन्या मंदिरातल्या पुरोहितांच्या वंशातला. मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, पुरोहितांना काम उरलं नाही, पण नियम मात्र शाबूत राहिले. सणासुदीला सिनेगॉगमध्ये उभं राहून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा मान त्याचा, आणि मेलेल्या माणसाच्या जवळ जायची बंदीही त्यालाच. आईबाप, बायकामुलं, सख्खी भावंडं यांना शेवटचा निरोप द्यायची सूट असते. बाकी कोणीही जावो, कबरीपासून चार हात दूर. त्यामुळे हेशलनं आपले सगळे जिवलग मित्र कुंपणाबाहेरून पुरले. स्प्रिंगवेलच्या दफनभूमीला लागून गाडी उभी करायची, काच खाली घ्यायची आणि आतली प्रार्थना ऐकत डोळे पुसायचे. एकदा तो असा हमसून हमसून रडत असताना एका बाईनं खिडकीत वाकून शिकवणीची फी विचारली. हेशलनं नाक शिंकरलं, फी सांगितली आणि पुढच्या मंगळवारी तिला क्लचवर पायही ठेवायला शिकवलं.

असा हा तोंडाळ माणूस एका बाबतीत मात्र तेहतीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसला होता.

त्याची आई बाशा शिवणकाम करायची. युद्धाआधी लिथुआनियातल्या द्रूझन गावात तिचं पहिलं लग्न झालं होतं आणि मिरले नावाची पाच वर्षांची मुलगी होती. १९४१च्या उन्हाळ्यात एका सकाळी बाशा शिवलेले कपडे पोचवायला शेजारच्या खेड्यात गेली. ती परतायच्या आत गावातले सगळे ज्यू बाहेरच्या झाडीत नेऊन मारले गेले होते, मिरलेसकट. बाशा एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तीन वर्षं लपून वाचली. पुढं कागानशी लग्न, बोटीनं मेलबर्न, मग फ्रूमा आणि तिच्या पाठीवर हेशल. मरायच्या आठवडाभर आधी तिनं फ्रूमाला सूप गरम करायला पाठवलं, हेशलला जवळ बसवलं आणि म्हणाली, "तिथं जा. मिरलेला माझा निरोप सांग. तिच्याजवळ जाऊन तोंडानं सांग. फ्रूमाला कळू देऊ नकोस." आणि निरोप सांगितला.

फ्रूमा सूप घेऊन परत आली तेव्हा दोघांचे डोळे लाल होते आणि दोघंही हवामानाबद्दल बोलत होते. फ्रूमा गणिताची मास्तरीण. तिला असलं उत्तर पटेना. तेव्हापासून दर शुक्रवारच्या जेवणाला ती सूप वाढताना म्हणायची, "घ्या हेशलसाहेब. अजून गरमच आहे."

हेशलनं जायचं टाळलं, कारण जाऊन करणार काय? कबरीजवळ तर जाता येत नव्हतं. आधी मुलं लहान होती, मग घराचे हप्ते, मग गुडघा. पण गेल्या एप्रिलात त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास करायचा असेल तर यंदाच काय तो करून घ्या. त्या रात्री हेशलला आईच्या आठवणीनं इतकी लाज वाटली की त्यानं सकाळीच फ्रूमाला फोन लावला.

"मी मिरलेला आईचा निरोप द्यायला जातोय, द्रूझनला. तू चल."

"मी कशाला? त्या सूपाच्या दिवसापासून मला तर ऐकायचीही बंदी आहे."

"अगं, तुला आत जाता येतं. कोहेनच्या मुलींना नियम नाही. तू आत, मी बाहेर."

"म्हणजे मी तुझं पोस्टाचं खोकं," फ्रूमा म्हणाली आणि त्याच दुपारी तिनं बॅग भरायला घेतली.

रब्बाय पिंकुसांनी नियम नीट समजावून सांगितला. मिरले फक्त आईकडून बहीण, बाप वेगळा, म्हणजे सवलतीत बसत नाही, आणि सवलत असली तरी ती पुरण्यापुरतीच असते, ऐंशी वर्षांनी नाही. कबरीपासून चार हात दूर. शिवाय ज्या झाडाची फांदी कबरीवर गेली असेल त्या झाडाखालीही उभं राहायचं नाही, कारण फांदी कबरीवर छप्पर धरते आणि त्या छपराखालचं सगळं एकच घर होतं.

"आणि रब्बाय, झाडीतच कबर असेल तर?"

"तर वर बघत चाला," रब्बाय म्हणाले.

विल्नियसच्या विमानतळावर गिन्तारस नावाचा उंच, शांत ड्रायव्हर त्यांना घ्यायला आला. तासाभरात त्याची शांती संपली. हेशल त्याच्या शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता.

"आरसा! आरसा बघ! वळणावर तिसरा गिअर, बाळा, तिसरा!"

"साहेब, मी वीस वर्षं गाडी चालवतोय."

"तेच तर. वीस वर्षं कोणी सांगितलं नाही."

मागून फ्रूमा खिदळत होती. तिला हसू आवरत नव्हतं, हे खरं तर काळजीचंच होतं. दोघा भावंडांना लहानपणापासून हा रोग होता: जिथं हसायचं नाही तिथं पोटातून उकळी फुटायची. वडिलांच्या शोकाच्या आठवड्यात आरशांवर चादरी टाकलेल्या घरात दोघं बुटक्या स्टुलांवर बसून इतके हसले होते की भेटायला आलेल्या बायकांना वाटलं, पोरं दुःखानं भ्रमिष्ट झाली. आज तर सकाळच्या न्याहारीपासूनच सुरू होतं. हेशलला ताटातली मुळ्याची कोशिंबीरही विनोदी वाटत होती.

द्रूझनच्या बाहेर रस्त्याला लागून ती झाडी होती. अरुंद पट्टा, अलीकडे रस्ता, पलीकडे बिटाचं शेत, आणि मधोमध सिमेंटच्या कठड्यात लांबलचक गवताळ चौकोन, सगळ्या गावाची एकच कबर. गिन्तारसनं रस्त्याकडेच्या लिंडनच्या झाडाच्या सावलीत गाडी उभी केली. हेशल दार उघडणार एवढ्यात त्यानं वर पाहिलं आणि किंचाळला.

"मागे घे! मागे!"

"काय झालं?"

"हे झाड त्या ओकला टेकलंय. ओक त्या पाइनला. पाइन बघ कुठं गेलाय!"

गिन्तारसनं गाडी वीस पावलं मागे घेतली. तिथंही लिंडन. आणखी वीस. पुन्हा लिंडन. हेशल पुढून मागच्या सीटवर सरकून, उताणा पडून काचेतून फांद्या मोजत होता आणि फ्रूमा त्याच्या बुटांखाली दबून हसून हसून गयावया करत होती, "पुरे रे हेशले, मला लघवी होईल." शेवटी गिन्तारसनंच तोडगा काढला. झाडीला वळसा घालून पलीकडच्या शेतात जायचं. तिथं एकही झाड नाही.

फ्रूमा पायवाटेनं आत गेली. हेशल गिन्तारसला घेऊन लांबचा वळसा घालून, दलदल चुकवून, बिटाच्या सऱ्यांमधून धापा टाकत मधोमध येऊन उभा राहिला. झाडी समोर दहा पावलांवर, आणि डोक्यावर नुसतं निळं आभाळ. फांदी नाही, पान नाही. त्यानं छाती फुगवली आणि झाडीत ऐकू जाईल असा ओरडला, "बघ गिन्तारस, याला म्हणतात पार्किंग."

आता फोन. ठरलं होतं की फ्रूमा फोन कठड्यावर ठेवेल, आवाज मोठा करेल आणि कानात बोटं घालून बाजूला होईल. हेशलनं फोन लावला.

"ठेवलास?"

"ठेवला."

"बोटं घातलीस?"

"नाही."

"फ्रूमके!"

"मी पंचाहत्तर वर्षांची आहे, हेशल. दहा हजार मैल मी कानात बोटं घालायला आले नाही. माझीही आई होती ती. माझीही बहीण आहे इथं. आधी मला सांग, मग तिला."

"मी शब्द दिलाय."

"मग हा शब्द घेऊन बस बिटांत."

हेशलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं गिन्तारसकडे पाहिलं. "तू जा. फ्रूमाऐवजी तू थांब फोनपाशी. तुला आमची यिद्दिश भाषा कळत नाही, ते बरंच आहे."

"वा!" फोनमधून फ्रूमा ओरडली. "टॅक्सीवाल्यानं ऐकलेलं चालतं, मी नाही! या गिन्तारस, या, तुम्हीच आमचे नातेवाईक!"

गिन्तारसला एवढंच कळलं की आपलं नाव घेतलं गेलं, म्हणून त्यानं अदबीनं मान हलवली. एवढ्यात शेताच्या टोकाकडून डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी कुदळ उगारत तरातरा आली आणि लिथुआनियनमध्ये तोंडाचा पट्टा सोडला.

"काय म्हणते?" हेशलनं विचारलं.

"म्हणते, बिटं तुडवू नका."

"सॉरी म्हण."

म्हातारी हेशलच्या ज्यू पद्धतीच्या टोपीकडे बघत राहिली. तिचा आवाज खाली आला. तिनं काहीतरी विचारलं, गिन्तारसनं उत्तर दिलं, मग तिनं हातानं मोठा गोल दाखवला. पार विजेच्या खांबापासून तळ्यापर्यंत, आणि खाली, हेशलच्या बुटांकडे. गिन्तारसचा चेहरा उतरला.

"साहेब, ती म्हणते तुम्ही ज्यू असाल तर बरोबर जागी आलात. तुमचं जुनं कबरस्तान इथंच होतं. त्या खांबापासून तळ्यापर्यंत. दगड लोकांनी गोठ्यांना नेले. माणसं मात्र इथंच आहेत. खाली."

हेशलनं एक पाय उचलला. मग त्याला कळलं की दुसरा ठेवायला जागा नाही, आणि तो तसाच एका पायावर उभा राहिला. आईवडिलांखेरीज कोणासाठीही त्र्याहत्तर वर्षं ज्यानं कुंपण ओलांडलं नाही, जो मित्रांसाठी गाडीत बसून रडला, तो फांद्या चुकवून, दलदल चुकवून, चांगला नेम धरून एका अख्ख्या गावाच्या पूर्वजांच्या मधोमध येऊन उभा होता.

फ्रूमाचं हसू दोनदा ऐकू आलं, एकदा फोनमधून आणि एकदा झाडीतून. "पार्किंग!" ती कशीबशी म्हणाली. "याला म्हणतात पार्किंग!" आणि मग हेशलही फुटला. एका पायावर लटपटत, गिन्तारसचा दंड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हातारीनं आधी नापसंतीनं पाहिलं, मग तिलाही हसू फुटलं; कशाचं, ते तिलाच ठाऊक.

"रब्बायना लाव," फ्रूमा धापा टाकत म्हणाली. "लाव लवकर. पडशील."

मेलबर्नमध्ये संध्याकाळ झाली होती. रब्बाय पिंकुस गाडीत होते.

"आधी गाडी बाजूला घ्या," हेशल म्हणाला. "इंडिकेटर दिलात का? मला आवाज नाही आला."

टिकटिक ऐकू आली. "बोला, हेशल. कुठं आहात?"

"कबरस्तानात."

"काय?"

"बिटाच्या." आणि त्यानं सगळं सांगितलं.

रब्बायना दोनदा खोकला आला. बहुधा तेही तोंडावर हात धरून होते. मग गंभीर आवाजात म्हणाले, "कोहेन चुकून आत सापडला तर एकच करायचं. ताबडतोब निघायचं, सगळ्यात जवळच्या वाटेनं. कुठंही थांबायचं नाही. शेतातून बाहेर किती पावलं?"

"कुठूनही दोनशेच्या वर. मी त्यांच्या बरोबर मध्यात आहे."

"आणि दुसरीकडून?"

हेशलनं झाडीकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं. "झाडीतून रस्त्यापर्यंत चाळीस. पण रब्बाय, ती वाट तिच्या शेजारून जाते. कठड्याला घासून."

"दोनशे की चाळीस?"

"चाळीस."

"मग मला काय विचारता?" रब्बाय म्हणाले. "तुम्हीच मला शिकवलंत ना, चौकात अडकलो तर विचार करत बसायचं नाही, समोर जी वाट मोकळी ती धरायची. निघा." मग जरा हळू आवाजात, "पण हेशल, थांबायचं नाही हं. चालता चालता माणूस काय बोलतो, त्याबद्दल मला कोणी विचारलेलं नाही."

हेशलनं फोन गिन्तारसच्या हातात दिला, टोपी घट्ट केली आणि उचललेला पाय पुढं टाकला.

झाडीत गारवा होता आणि रानस्ट्रॉबेरीचा वास. वर सगळ्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि हेशल त्या दिवशी पहिल्यांदा वर न बघता चालत होता. कठड्याशी फ्रूमा उभी होती. तिनं एक लहान दगड ठेवला होता कठड्यावर, आपल्या रिवाजाप्रमाणे. 'आता सांग, मी ऐकणार आहे,' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, पण भावाचा चेहरा पाहिला आणि तिनं तोंड मिटलं. मग कोणी न सांगता दोन्ही कानांत बोटं खुपसली, कोपरं बाहेर काढली आणि त्याच्या बाजूनं तुरुतुरु चालायला लागली.

तेहतीस वर्षं हेशलनं हे वाक्य मनात शंभरदा जुळवलं होतं, आणि आता त्याच्याकडे पंधरा पावलं होती.

"मिरले," तो मोठ्यानं म्हणाला. "मी हेशल. बाशाचा मुलगा. तू मला ओळखत नाहीस. मला थांबायची परवानगी नाही, म्हणून घाईत सांगतो, रागावू नकोस. आईचा निरोप आहे. आई म्हणते, फ्रॉकमध्ये टाचणी राहिली होती."

त्याचे पाय चालतच होते.

"त्या दिवशी सकाळी तू टोचतंय टोचतंय म्हणत होतीस, नवा फ्रॉक घालायला तयार नव्हतीस. तिला घाई होती. तिनं तुला खोटारडी म्हटलं, एक चापट मारली आणि कपडे पोचवायला निघून गेली. नंतर गोठ्यात तिनं डबीतल्या टाचण्या मोजल्या. बारा असायच्या, अकराच होत्या. कॉलरमध्ये होती गं ती, मिरले. तू खरं बोलत होतीस. आई म्हणते, तिचं चुकलं. आई म्हणते..."

कठडा मागे पडला. हेशल थांबला नाही. त्यानं मान मागे वळवली आणि शेवटचं त्या गवताकडे बघत, उलट्या मानेनं चालत, एका मुळाला अडखळत सांगितलं, "तू खोटारडी नव्हतीस. एवढंच. एवढंच होतं."

आणि तो उन्हात, रस्त्यावर होता.

गिन्तारस शेतातून धावत वळसा घालून येऊन पोचला, तेव्हा त्याला म्हातारा गाडीभोवती नाचताना दिसला. "झालं! सांगितलं! न थांबता!" हेशलनं त्याला मिठी मारली, त्याच्या गालाचा मुका घेतला, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर थापा मारल्या. तो हसत होता आणि चेहरा सगळा ओला होता. तेहतीस वर्षांचं ओझं असं चाळीस पावलांत उतरलं की त्याला हलकं हलकं, वेड लागल्यासारखं वाटत होतं.

फ्रूमा मागून सावकाश आली. तिनं गाडीतून पाण्याची बाटली काढली. कबरीजवळून आल्यावर हात धुवायचे असतात. हेशलनं हात पुढं केले आणि तिनं आधी उजव्यावर, मग डाव्यावर पाणी घातलं.

"काही ऐकलंस?" त्यानं भीतभीत विचारलं.

"कानात बोटं होती."

"हो, ते पाहिलं मी."

तिनं आणखी एकदा पाणी घातलं, हात आधीच धुऊन झाले होते तरी. "आईनं अख्ख्या कार्लटन वस्तीतल्या पोरींना फ्रॉक शिवले," ती म्हणाली. "शेजारच्या ग्रीक मुलींनासुद्धा. माझे सगळे दुकानातले. सगळे, हेशल. लग्नाचासुद्धा. पंचाहत्तर वर्षं मला वाटतंय, मी तिला आवडत नाही."



फ्रूमा झाडीकडे वळली. तिला परत तो हसण्याचा रोग आला होता. खांदे हलत होते, आणि शब्द हसण्यातून वाट काढत बाहेर पडत होते. "शिवायचास गं एखादा, आई. टोचलं असतं तर टोचलं असतं. मी बोंब मारली असती आणि तू टाचणी काढली असतीस."

तिनं बाटली रस्त्यावर ठेवली, कारण रिवाजानं अशा वेळी ती हातातून हातात द्यायची नसते. हेशलनं ती उचलली आणि तिच्या हातांवर पाणी घालायला लागला.